कॉफी प्यायली की झोप कुठे जाते?

बालदोस्तांनो, दौंड तालुक्यातलं राहूबेट पाहिलंय का? एकीकडे मुळा-मुठा, दुसरीकडे भीमा आणि मध्ये नजर जाईल तिथवर ऊस! शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते. मग बॅटरी घेऊन बाबा-काका उसाला पाणी द्यायला निघतात. निघण्याआधी कपभर चहा नाहीतर कॉफी हवीच. का? तर झोप उडते!

पण गंमत सांगू? झोप कुठेच जात नाही. दिवसभर मेंदू काम करतो, तेव्हा त्यात ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. मेंदूतल्या पेशींवर त्याच्यासाठी खास जागा असतात. त्या जागा म्हणजे खुर्च्या समजा. ॲडेनोसिन खुर्चीवर बसलं की मेंदूला निरोप जातो, ‘दमलास, आता झोप.’ कॉफीतलं कॅफीन रचनेनं बरंचसं ॲडेनोसिनसारखं. ते येऊन खुर्ची पटकावतं, पण निरोप काही देत नाही! थकवा तसाच राहतो, फक्त आपल्याला जाणवत नाही. कॅफीन उठलं की राहिलेली झोप डोळ्यांवर येते.

आणि ते लवकर उठतही नाही. मोठ्या माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफीन संपायलाच साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी ५ वाजता कॉफी प्यायली, तर रात्री १० वाजताही निम्मं कॅफीन आत जागं!

कॉफीच्या झाडाला हे कॅफीन कशाला लागतं? पानं खाणाऱ्या किडींना पळवायला. पण कॉफीच्या आणि संत्र्याच्या फुलांतल्या मकरंदातही ते अगदी थोडं असतं. २०१३ साली शास्त्रज्ञांना आढळलं, की त्यामुळे मधमाशीला फुलाचा वास जास्त काळ लक्षात राहतो. म्हणजे ती पुन्हा त्याच फुलांकडे येणार! आहे की नाही झाड हुशार? आपल्या महाराष्ट्रातही, चिखलदऱ्याच्या डोंगरात, कॉफीची झाडं आहेत बरं का.

मग कॉफी चांगली की वाईट? बेताने कॉफी पिणाऱ्या मोठ्यांमध्ये टाइप २ मधुमेह, यकृताचे काही आजार आणि कंपवात (पार्किन्सन) यांचं प्रमाण कमी आढळलंय. मात्र हे कॉफीमुळेच घडलं, असं ठामपणे म्हणता येत नाही. जास्त प्यायली, तर छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप बिघडते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्यांना सांगते, की दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको. १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीतच ८० ते १२० मिलिग्रॅम असतं, चहात ३० ते ६५.

राहूबेटात गुऱ्हाळं पुष्कळ, म्हणून गुळाचा चहाही आवडीचा. ‘गुळात लोह असतं, चहा पौष्टिक झाला,’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना एक गोष्ट सांगा. चहा-कॉफीतले पॉलिफेनॉल नावाचे पदार्थ लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट शोषलं जात नाही. बाजरीच्या भाकरीतल्या आणि पालेभाजीतल्या लोहाचंही तेच होतं. म्हणूनच जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी नको, असं हीच संस्था सांगते.

आजी चहा बशीत ओतून पिते ना? फार छान सवय! ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम पेयांमुळे अन्ननलिकेचा कर्करोग होण्याची शक्यता बहुधा वाढते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ साली सांगितलं. बशीत चहा भराभर निवतो.

आता तुमचं काय? तुमचं वजन कमी, म्हणून तेवढ्याच कॅफीनचा परिणाम तुमच्यावर जास्त. शिवाय ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी. तेव्हा परीक्षेच्या रात्री कॉफी पिऊन जागू नका. लवकर झोपा आणि पहाटे ताज्या डोक्यानं अभ्यास करा. आणि हो, आज घरात सगळ्यांना बजावून सांगा: जेवण आणि चहा-कॉफी यांत एक तासाचं अंतर!