बालवीर पथक : उभारणे सोपे, टिकविणे अवघड

स्काऊट म्हटले की गळ्यात स्कार्फ, बाहीवर बिल्ले आणि तीन बोटांची सलामी असे चित्र शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर उभे राहते. प्रजासत्ताक दिनाचे संचलन आणि शाळेतील 'खरी कमाई'चा खाऊबाजार यापलीकडे या चळवळीशी बहुतेकांचा संबंध येत नाही. संचलनात मुलांच्या कडेने चालणाऱ्या स्काऊट मास्तराकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. या कामासाठी त्याला वेगळे वेतन नसते. बहुधा तो शाळेतील शिक्षक असतो. कोठे कोठे एखादा माजी स्काऊट किंवा गावातील हौशी तरुण ही जबाबदारी पत्करतो. ग्रामीण भागात हे काम नेमके कसे चालते आणि कोठे अडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

त्यासाठी हसनाबादसारखे गाव डोळ्यांसमोर आणू. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हे गाव. परिसर प्रामुख्याने पावसावर अवलंबून असलेल्या शेतीचा. कपाशी, मका, सोयाबीन ही पिके. 2012-13 च्या दुष्काळात ज्या जिल्ह्याची सर्वाधिक होरपळ झाली, त्यांत जालना अग्रभागी होता. अशा गावात पथक चालविणाऱ्याच्या अडचणी पुण्या-मुंबईच्या पथकांहून वेगळ्या असतात आणि त्याच्या जमेच्या बाजूही वेगळ्या असतात.

चळवळीची पार्श्वभूमी

बेडन पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने ऑगस्ट 1907 मध्ये ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले आणि पुढच्याच वर्षी त्याचे 'स्काऊटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. श्रीमंत शाळांतील मुले व कामगार वस्तीतील मुले या शिबिरात एकत्र ठेवण्यात आली होती, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. भारतात 1909 मध्ये पथके सुरू झाली ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दारे बंद असल्याने अॅनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनी 1916 मध्ये मद्रासला, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी 1918 मध्ये अलाहाबादला स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एकत्रित संस्था स्थापन झाली व 15 ऑगस्ट 1951 रोजी गर्ल गाईड्सही तीत सामील झाल्या.

मराठीत स्काऊटला 'बालवीर' हा सुंदर शब्द रूढ झाला. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ मात्र पुढे जाऊन टेहळणी करणारा, म्हणजे हेर. बहिर्जी नाईकांची कथा ऐकत वाढलेल्या मुलांना हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सहा-आठ मुलांचा संघ

या पद्धतीचा कणा म्हणजे संघ. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातूनच निवडलेला एक संघनायक आणि असे तीन-चार संघ मिळून एक पथक. मास्तराने सर्वांना एकदम शिकवायचे नसते. त्याने संघनायकांना तयार करायचे आणि संघनायकांनी आपापल्या मुलांना शिकवायचे, अशी ही रचना आहे. वर्गात चाळीस मुलांसमोर बोलण्याची सवय असलेल्या शिक्षकाला हेच सर्वांत जड जाते. तेरा वर्षांचा संघनायक चुकीची गाठ शिकवत असताना गप्प बसणे, त्याची चूक त्यालाच उमगू देणे, यासाठी निराळा संयम लागतो. तो नसेल तर पथकाची कवायत होते. मुले रांगेत उभी राहतात, टाळ्या वाजवितात आणि घरी जातात. जबाबदारी घेण्याची सवय, जी या पद्धतीचे खरे फळ आहे, ती लागतच नाही.

संघाची हीच रचना गळतीलाही फार हळवी असते. आठांपैकी तीन मुले सलग चार आठवडे आली नाहीत तर संघ मोडतो. कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण दसऱ्यापासून पुढे, शेतात प्रत्येक हात हवा असतो. मजुरी परवडत नाही, म्हणून शनिवार-रविवारी मुलेही आईवडिलांबरोबर वेचणीला जातात. जी कुटुंबे ऊसतोडीला स्थलांतर करतात, त्यांची मुले तर दिवाळीनंतर काही महिने गावातच नसतात. अशा वेळी हजेरीचा बडगा उगारणारा मास्तर नेमकी ज्यांना पथकाची गरज आहे तीच मुले गमावतो. जाणता मास्तर वर्षाचे वेळापत्रक पिकांच्या मांडणीवर बेततो : पावसाळ्यात रोपलावणी व प्रथमोपचार, वेचणीच्या हंगामात आठवड्यातून एकच छोटी सभा, पिके निघाल्यावर पदभ्रमण आणि शिबिर. परतलेल्या मुलाला त्याची संघातील जागा रिकामी ठेवलेली दिसली पाहिजे. नाही तर तो शाळेत परतला तरी पथकात परतत नाही.

गावात असलेले ज्ञान

स्काऊटच्या अभ्यासक्रमात गाठींना मोठे स्थान आहे. शहरात त्यासाठी दोरीचे तुकडे विकत आणावे लागतात. इकडे मूल जन्मापासून दोरीच्या सहवासात असते. बैलाचे दावे खुंट्याला बांधणे, कडब्याची पेंढी आवळणे, पोत्याचे तोंड शिवणे, विहिरीत मोटार सोडताना दोर अडकविणे, ही कामे त्याने पाहिलेली व केलेली असतात. पाठ्यक्रमातील क्लोव्ह हिच किंवा बोलाईन यांची नावे परकी असली तरी वळणे त्याच्या बोटांना अनोळखी नसतात. आकाशातील तिकांडे ओळखणारा आजोबा, बांधावरची झाडे नावानिशी सांगणारी आजी हे गावातील परीक्षकच होत. त्यांना एखाद्या संध्याकाळी पथकासमोर बोलाविण्याचा उपक्रम विनाखर्चाचा आहे.

निरीक्षण आणि अनुमान हा स्काऊटिंगचा दुसरा आधार. त्याचा ऐतिहासिक धडा जालना जिल्ह्यातच घडला आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या लढाईपूर्वी शिंदे-भोसल्यांची फौज केळना नदीपलीकडे उभी होती. जवळपास दुसरा उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली आणि या गावांमध्ये ये-जा असणार, म्हणजे येथे उतार असलाच पाहिजे, असे अनुमान बांधले. ते खरे ठरले आणि लढाईचे पारडे फिरण्यास त्याचा हातभार लागला. ही हार आपली होती. तरीही 'पाहणे' आणि 'नीट पाहणे' यांतील अंतर मुलांना इतक्या स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण शोधून सापडणार नाही. सातवाहन काळापासून नांदते असलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, तेथील नदीकाठची लेणी आणि अन्व्याचे शिल्पसमृद्ध मंदिर ही स्थळेही याच तालुक्यात आहेत. पदभ्रमणासाठी दूर जाण्याची गरज नाही.

पैसा आणि गणवेश

गणवेश, टोपी, स्कार्फ, वॉगल, पट्टा, शिट्टी अशी यादी पालकांसमोर ठेवली की 'यातून मुलाला काय मिळणार?' हा प्रश्न येतोच. तो गैर नाही. दोन भावंडांच्या वह्यापुस्तकांची ओढाताण असलेल्या घरात हा खर्च लहान नसतो. प्रारंभी केवळ स्कार्फवर भागविणे, मोठ्या मुलांचे गणवेश धाकट्यांना देणे, साहित्य पथकाच्या मालकीचे ठेवणे, हे मार्ग अनुभवी मास्तर वापरतात. कोणाकडे गणवेश आहे आणि कोणाकडे नाही यावरून रांगेत फरक दिसू लागला, तर मुले कारण न सांगता येणे बंद करतात.

'खरी कमाई' हा उपक्रम मुळात याच प्रश्नाचे उत्तर होता. मुलांनी काम करून चार पैसे मिळवावेत व ते पथकासाठी वापरावेत, ही त्यामागील कल्पना. इंग्लंडमध्येही 1949 पासून अशाच प्रकारचा सप्ताह पाळला जाऊ लागला. आज अनेक ठिकाणी आईने घरी केलेले पदार्थ मुले शाळेत विकतात आणि त्याला खरी कमाई म्हटले जाते. त्यात खरी कमाई आईची असते. रोपवाटिका, जुन्या वह्यांतील कोऱ्या पानांची नवी वही, सायकल धुणे-पुसणे अशी मुलांच्या हातची कामे निवडली, तर हिशेब ठेवण्याचे शिक्षणही आपसूक घडते.

शिबिर : कसोटीचा क्षण

वर्षभरातील खरी परीक्षा शिबिरात होते. पाणी कोठून आणायचे, हा येथील पहिला प्रश्न. टँकर येणाऱ्या गावाजवळ पन्नास मुलांचे शिबिर भरविणे म्हणजे गावाच्या वाट्याचे पाणी घेणे होय. त्यामुळे शिबिर पावसाळा संपताच घेणे व माणशी पाणी मोजून वापरणे श्रेयस्कर. ही मोजणी हाच एक धडा ठरतो.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. शिबिरात मुले स्वतः स्वयंपाक करतात आणि एका पंगतीत जेवतात. स्काऊट हा सर्वांचा मित्र व इतर प्रत्येक स्काऊटचा बंधू असतो, असे संस्थेच्या नऊ नियमांपैकी एक नियम सांगतो. गावात वस्त्या जातीनुसार विभागलेल्या असतात आणि पोळी कोणी लाटली याची चौकशी घरी होऊ शकते. येथे मास्तराने व्याख्यान देऊन उपयोग नसतो. संघांची रचना सुरुवातीपासूनच मिश्र ठेवणे, स्वयंपाकाची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरविणे आणि स्वतः पहिला घास त्याच पंगतीत घेणे, एवढेच त्याच्या हाती असते. एखाद्या पालकाने मुलाला काढून नेण्याची धमकी दिली तरी पाळी न बदलणे, ही त्याची कसोटी. तेथे तो वाकला तर पुढे नियम पाठ करून घेण्यात अर्थ उरत नाही.

जिवाची जबाबदारी

पालक आपले मूल मास्तराच्या स्वाधीन करतात, तेव्हा सर्वांत मोठा भार सुरक्षिततेचा असतो. मराठवाड्यात शेततळी मोठ्या संख्येने झाली आहेत. पाण्यासाठी ती वरदान ठरली, परंतु प्लास्टिक अंथरलेल्या उतरत्या काठावरून पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. त्याला वाचवायला उडी मारणारा दुसराही बुडतो. म्हणून प्रत्येक स्काऊटला एक गोष्ट पक्की शिकवावी लागते : पाण्यात उतरायचे नाही, दोर, काठी किंवा रिकामा कॅन फेकायचा आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. शेततळ्याच्या काठाला गाठी मारलेला दोर कायमचा बांधून ठेवणे, हा पथकाने गावासाठी करण्याजोगा उपक्रम आहे.

सर्पदंशाचेही तसेच. आवळून पट्टी बांधणे, ब्लेडने चिरा देणे, विष चोखणे हे जुने उपाय आता घातक मानले जातात. रुग्णाला धीर देणे, दंश झालेला अवयव न हलविणे आणि विनाविलंब प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पोहोचविणे, हेच योग्य. मांत्रिकाकडे जाणारी वाट एखाद्या तेरा वर्षांच्या मुलाच्या आग्रहाने रुग्णालयाकडे वळली, तर सगळ्या बिल्ल्यांची भरपाई झाली असे समजावे.

मुलांच्या संरक्षणाबाबतही मास्तराने दक्ष राहिले पाहिजे. मुक्कामात किमान दोन प्रौढ, मुले व प्रौढ यांची झोपण्याची स्वतंत्र व्यवस्था, पालकांची लेखी संमती, कोणत्याही मुलाला एकट्याने खोलीत न बोलाविणे, ही पथ्ये पाळल्याने मुले तर सुरक्षित राहतातच, मास्तरही संशयापासून दूर राहतो. 2012 च्या पोक्सो कायद्यानंतर याबाबत अनभिज्ञता हा बचाव ठरत नाही.

बिल्ले, कागद आणि बदल्या

प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा या पायऱ्या आहेत. त्या चढण्यास काही वर्षे लागतात. प्रत्येक पायरीच्या नोंदी, चाचण्या, अर्ज हे सारे मास्तरालाच सांभाळावे लागते. शाळेची माहिती ऑनलाइन भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आटोपून उरलेल्या वेळात. त्यातून नोंदवही आधी आणि उपक्रम नंतर, असा उलटा क्रम लागण्याचा मोह होतो. पुरस्काराच्या लाभांकडे पाहून आलेला पालक हा मोह वाढवितो.

याहून मोठा धक्का बदलीचा. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या प्रशाला हे एक वैशिष्ट्य असल्याने मूल पाचवीपासून दहावीपर्यंत एकाच शाळेत राहू शकते, ही पथकाच्या दृष्टीने मोठी सोय. परंतु प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली की द्वितीय सोपानापर्यंत आलेली मुले तेथेच थांबतात. मुलींच्या गाईड पथकासाठी शिक्षिका हवी असते. ती शहरातून ये-जा करणारी असेल, तर शेवटची बस गाठण्याच्या घाईत शाळेनंतरचा तास बुडतो आणि मुलींचे पथक कागदावर उरते.

यावर उपाय एकच, पथक एका माणसावर उभे न करणे. पहिल्या वर्षापासूनच एक सहायक सोबत घ्यावा. तो शिक्षकच असला पाहिजे असे नाही. गावातील आशा सेविका, निवृत्त जवान, दहावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात गेलेले जुने संघनायक हे सारे उपयोगी पडतात. साहित्य, नोंदी व हिशेब शाळेत ठेवावेत, मास्तराच्या घरी नव्हे. शहरातील वाचकांनाही येथे काही करता येईल. गणवेशासाठी देणगी देण्यापेक्षा, वर्षातून दोनदा ठरलेल्या दिवशी येऊन प्रथमोपचार, नकाशावाचन किंवा आकाशदर्शन शिकविणारा माहीतगार माणूस पथकाला अधिक हवा असतो. मात्र एकदा येतो म्हटले की यावे. मुले त्या दिवसाची वाट पाहत असतात आणि न आलेल्या पाहुण्याचे उत्तर मास्तराला द्यावे लागते.