स्ट्रॉबेरीच्या वाफ्याखालची पंगत

थंडी पडू लागली की बेळगावच्या बाजारात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दिसू लागते. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ आता आपल्या घरांतून अपूर्वाईचे राहिलेले नाही. परंतु ते ज्या मातीजवळ लवून पिकते, त्या मातीत काय चालले आहे, हा विचार खाणाऱ्याच्या मनात क्वचितच येतो.

स्ट्रॉबेरीची मुळे उथळ. बहुतेक सारी वरच्या वीत-दीड वीत थरातच पसरलेली असतात. जीवाणू, बुरशी, सूत्रकृमी व गांडुळे यांची दाटीही तेथेच. शेणखत घातले म्हणजे आपण झाडाला जेवू घातले असे समजतो. वस्तुतः पहिली पंगत या जीवांची बसते. ते खतावर आणि एकमेकांवर उपजीविका करतात, त्यातून नत्र सावकाश मोकळा होतो, आणि मग तो मुळांच्या वाट्यास येतो. युरियाचा नत्र थोड्याच दिवसांत मोकळा होतो. मुळांना घेता आला तेवढा खरा, उरलेल्यातील बराचसा पाण्याबरोबर वाहून जातो.

महाबळेश्वरची काय किंवा आपल्या खानापूरकडची काय, तांबड्या जांभ्या मातीत आणखी एक अडचण असते. तीतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात. मुळांत वस्ती करणारी एक उपकारक बुरशी आपले बारीक तंतू दूरवर धाडून तो स्फुरद आणून देते आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. मात्र स्फुरदाचा मारा झाला की झाडाला या सोयरिकीची गरज उरत नाही. मग तो पोत्यातला असो की कोंबडीखतातला! ‘सेंद्रिय’ म्हटले की कितीही घालावे, हा समज म्हणूनच सोडावयास हवा.

मातीतील जीवसृष्टीचे मोल कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरी उत्पादकांना उलट्या वाटेने कळले. तेथे कित्येक दशके लागवडीपूर्वी जमिनीत मिथिल ब्रोमाइडचा विषारी धूर सोडीत. रोगकारक बुरशी मरे, आणि तिच्याबरोबर मित्रमंडळीही. हा वायू ओझोनच्या थराला घातक ठरल्याने माँट्रियल करारान्वये २००५ पासून विकसित देशांत त्यावर बंदी आली; तरी स्ट्रॉबेरीसाठीची सवलत तेथे २०१६ पर्यंत रेंगाळली. दरम्यान २०१० साली जॉन रेगॅनोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सेंद्रिय व रासायनिक शेतांच्या १३ जोड्या तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेंद्रिय शेतांतील सूक्ष्मजीवांचे वस्तुमान दुपटीहून अधिक भरले. फळे आकाराने थोडी लहान, पण अधिक टिकाऊ निघाली. त्यांत क जीवनसत्त्व जास्त होते, पोटॅशियम मात्र कमी.

आता तेथील काही शेतकरी धुराऐवजी चक्क तांदळाचा कोंडा मातीत मिसळतात, भरपूर पाणी देतात आणि वर प्लॅस्टिक अंथरून सुमारे तीन आठवडे जमीन झाकून ठेवतात. कोंड्यावर तुटून पडलेले जीवाणू मातीतील प्राणवायू संपवितात, त्यातून आम्ले निर्माण होतात, आणि रोगकारक बुरशीला जगणे अवघड होते. मारण्याचे काम खाऊ घालून साधावे, ही कल्पना मला तरी फार मोहक वाटते.

परसात वा कुंडीत चार रोपे लावणाऱ्या गृहिणींनी कच्च्या शेणापासून सावध राहावे. त्यात हुमणीचे भुंगेरे अंडी घालतात आणि अळ्या मुळे कुरतडतात. शिवाय हे फळ मातीला टेकते व न शिजवता खाल्ले जाते. शेणातील रोगजंतू त्याला लागू शकतात. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चे शेण घालणे आणि असे फळ तोडणे यांत किमान १२० दिवसांचे अंतर सांगितले आहे. खत पुरते कुजले की नाही, हे नाकाला बरेचसे कळते. उग्र दर्प जाऊन पहिल्या वळिवासारखा मातीचा वास येऊ लागला, की ते वापरावयास हरकत नाही. तो वासही मातीतल्याच एका जातीच्या जीवाणूंनी निर्माण केलेला असतो.