नगरपंचायतीचे जुने काम, हवामानाचा नवा प्रश्न

यवतमाळ–धामणगाव मार्गावरील बाभुळगाव या तालुक्याच्या गावाचा कारभार नगरपंचायतीकडे आहे. मुंबईने मार्च 2022 मध्ये जाहीर केला तसा हवामान कृती आराखडा, म्हणजे उत्सर्जन घटवण्याचा आणि बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा लेखी कार्यक्रम, एवढ्या लहान संस्थेने स्वबळावर करावा ही अपेक्षा अवाजवी ठरेल. संविधानाच्या 74व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतील 18 विषयांत हवामान बदलाचा उल्लेख नाही. परंतु पाणीपुरवठा, घनकचरा, नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षण हे विषय तिथे आहेत, आणि गावपातळीवर हवामानाचा प्रश्न येतो तो याच रूपांत.

त्यांपैकी सर्वाधिक दुर्लक्षित विषय कचऱ्याचा आहे. ओला कचरा ढिगात दबून हवेविना कुजला की मिथेन वायू निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट असते. वर्गीकरण घरातच व्हावे असे 2016च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. ते झाले तर त्याच कचऱ्याचे खत होऊन कापूस-सोयाबीनच्या शेतात जाऊ शकते. सार्वजनिक वीजबिलाचा मोठा भाग पाण्याचे पंप आणि पथदिवे यांवर जात असल्याने सौरऊर्जेचा लाभ उत्सर्जनाइतकाच तिजोरीलाही होतो.

जुळवून घेण्याची बाजू मात्र अधिक निकडीची आहे. या भागातील काळी माती पावसाने फुगली की पाणी मुरण्याचा वेग मंदावतो आणि थोड्या वेळात कोसळलेला पाऊस नाल्यांतून धावतो. जुलै 2023च्या अतिवृष्टीत यवतमाळ जिल्ह्याने हे अनुभवले. बेंबळा धरण तालुक्यातच असले तरी नाल्यांवरील अतिक्रमण हटवणे, ते पावसाळ्यापूर्वी उपसणे आणि उन्हाळ्यात बसस्थानक व बाजाराच्या जागी सावली व पाणी पुरवणे ही कामे धरणाने होत नाहीत.

राज्य शासनाने 2 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू केलेले ‘माझी वसुंधरा’ अभियान भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांनुसार स्थानिक संस्थांना गुण देते. स्पर्धेमुळे कामाला गती येते हे खरे, पण गुणांसाठी लावलेले रोप तिसऱ्या उन्हाळ्यात जगले का, हा प्रश्न निकालानंतर सहसा मागे पडतो. ग्रामीण भागात 2018 पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने यवतमाळसह निवडक जिल्ह्यांतील गावांचे नियोजन ग्रामसमित्यांकडे दिले, ही पद्धत अधिक टिकाऊ वाटते.

पैशाची अडचण खरी असली तरी ती पूर्ण सबब नव्हे, कारण पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. नगरपंचायतीचा अर्थसंकल्प दरवर्षी सभेपुढे येतो. त्यात नाले, खत आणि झाडांच्या निगेसाठी किती रक्कम ठेवली आहे, हे बाभुळगावकरांनी आपल्या नगरसेवकांना विचारावे.