हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड नळमार्ग

हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड नळमार्ग : वातावरणात कार्बन डाय-ऑक्साइडाची निव्वळ भर न घालणाऱ्या ऊर्जाव्यवस्थेत हायड्रोजन उत्पादनस्थळापासून कारखान्यांकडे आणि कारखान्यांत पकडलेला कार्बन डाय-ऑक्साइड साठवणस्थळाकडे नेणारी नळांची जाळी. या दोन वायूंपासून मिथेनॉलासारखी इंधने बनविता येतात. त्यामुळे कोणता वायू कोणाकडे न्यावा, हे ठरविण्यासाठी दोन्ही जाळ्यांची आखणी एकत्रित करावी लागते.

समान दाबाला व घनफळाला हायड्रोजनापासून मिळणारी उष्णता नैसर्गिक वायूच्या सु. एक-तृतीयांश असते. तसेच तो पोलादात शिरून त्यास ठिसूळ करतो. कार्बन डाय-ऑक्साइड ३१° से. तापमान व ७३ वातावरण दाब यांपलीकडे द्रवासारखा दाट होतो. म्हणून तो अधिक दाबाखाली वाहून नेतात. त्यात पाण्याचा अंश राहिल्यास अम्ल बनून नळ गंजतात.

जर्मनीच्या रूर भागात हायड्रोजनाचा नळमार्ग १९३८ पासून आहे. त्या देशाने २०२४ मध्ये ९,०४० किमी. जाळ्यास मान्यता दिली, त्यांपैकी सु. ६० टक्के नळ नैसर्गिक वायूचे जुने आहेत.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये हरित हायड्रोजन धोरण स्वीकारले. दाभोळहून सह्याद्री ओलांडून बंगळूरूकडे जाणारा नैसर्गिक वायूचा नळमार्ग २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये पाण्यात विरघळवून बेसाल्टात सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडापैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांत खनिजरूप झाला. यामुळे दख्खनचा बेसाल्ट संभाव्य साठवणस्थळ मानला जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मात्र मालवणच्या किनाऱ्यालगत याहून प्राचीन खडक व जांभा असून बेसाल्ट पूर्वेस सह्याद्रीत आहे. किनाऱ्यावरून तेथे जाणाऱ्या कोणत्याही नळमार्गास आंबोलीसारख्या अतिवृष्टीच्या घाटप्रदेशातून चढावे लागेल.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात सॅटार्शिया येथे २०२० मध्ये अतिवृष्टीनंतर जमीन सरकून असा नळ फुटला. ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. हवेहून सु. दीडपट जड असलेला हा वायू सखल जागी साचतो व श्वास कोंडतो. कोकणातील अनेक वाड्या डोंगरपायथ्याशी व खोऱ्यांत असल्याने येथे मार्गाची लांबी व खर्च यांबरोबरच उतारांचे स्थैर्य, वस्तीपासूनचे अंतर, स्वयंचलित झडपांची संख्या आणि ग्रामस्थांना सूचना देण्याची व्यवस्था यांचा विचार आखणीच्या आरंभीच करणे आवश्यक ठरते.