दुधाचा भाव आणि मापाचा धर्म

धान्य कणगीत राहते. दूध मात्र दुपारपर्यंतही थांबत नाही. म्हणून घेणारा एकच असला की तो म्हणेल तोच भाव. त्यातून अडीअडचणीला त्याच्याकडून उचल घेतली असेल, तर मापाविषयी तोंड उघडण्याचीही सोय उरत नाही.

गुजरातेतील खेडा जिल्ह्याने हे दुःख भोगले. मुंबईला दूध पुरविण्याचा मक्ता तेथे एका खासगी कंपनीच्या हाती होता. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा भरली आणि शेतकऱ्यांनी १५ दिवस दूध घालण्याचे नाकारले. त्याच वर्षी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली सहकारी संघ स्थापन झाला. दूध मोजून, स्निग्धांश तपासून त्याप्रमाणे दाम मिळू लागले. हाच संघ पुढे ‘अमूल’ या नावाने घरोघरी पोहोचला.

पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ सालच्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात शेतकऱ्यांना सहकारी संस्था उभारण्याचा उपदेश केला, तो याचसाठी. एकट्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही.

परंतु न्याय दोन्ही बाजूंना लागू आहे. घेणाऱ्याने माप मारणे हे जसे पाप, तसेच घालणाऱ्याने दुधात पाणी मिसळणे हेही पापच. एका घराचे पाणी साऱ्या गावच्या दुधाला बट्टा लावते. म्हणून आमच्या कुटुंबांना आम्ही विनवितो: एकत्र या, हिशेब मागा आणि आपले दूध निर्भेळ ठेवा. मग भाव मागताना मान खाली घालावी लागणार नाही.