टिटफील्डची आगगाडी

१९५३ साली ईलिंग स्टुडिओने ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ हा चित्रपट पडद्यावर आणला. दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन, लेखक टी. ई. बी. क्लार्क. सरकार गावचा लोहमार्ग बंद करते. धर्मगुरू आणि गावकरी तो स्वतःच चालवू म्हणतात. बसमालक त्यात विघ्ने आणतात, इतकेच कथानक. पैसा देतो तो गावातला एक मद्यप्रेमी धनिक. गुत्ता उघडण्यापूर्वीच गाडीतल्या बारमध्ये पेला मिळेल, एवढीच त्याची लोकसेवेची प्रेरणा! लोकहिताच्या कार्याला असे आश्रयदाते लाभतात, हे क्लार्कने नेमके हेरले आहे.

हे कथानक निव्वळ कल्पित नव्हते. वेल्समधील तालिलिन हा पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६५ साली बांधलेला अरुंद मार्ग. १९४८ साली ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा तो त्यातून वगळला गेला. खाण तर १९४६ सालीच बंद पडली होती. मालक सर हेन्री हेडन जोन्स तोटा सोसून गाडी चालवीत राहिले. १९५० साली ते निवर्तले. त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये अभियंता-लेखक एल. टी. सी. रोल्ट व त्यांच्या मित्रांनी सभा भरविली आणि मे १९५१ मध्ये हौशी मंडळींनी पहिली गाडी सोडली. रूळ गवतात बुडालेले, लाकडी स्लीपर कुजलेले, इंजिने जीर्ण झालेली. क्लार्कला कथाबीज मिळाले ते येथे. रेल्वे वाचली ती भावनेवर नव्हे; सुट्टीच्या दिवशी स्लीपर बदलणाऱ्या माणसांच्या घामावर वाचली. पडद्यावर हे कष्ट फारसे दिसत नाहीत, हा चित्रपटाचा उणेपणा म्हणावा लागेल.

गावाचे इंजिन निकामी होते तेव्हा गावकरी वस्तुसंग्रहालयातून जुने इंजिन काढतात. त्या भूमिकेतले ‘लायन’ खरोखरच १८३८ सालचे, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी बांधलेले. नाटकी मेकअपची गरजच उरली नाही!

विरोधाभास मात्र पुढेच आहे. चित्रीकरण झाले ते बाथजवळील लिम्प्ली स्टोक-कॅमर्टन मार्गावर, आणि तो १९५१ सालीच बंद झाला होता. पडद्यावर टिटफील्ड म्हणून दिसते ते माँक्टन कोंबचे स्थानक. रेल्वे वाचविल्याची कथा सांगून झाल्यावर त्या मार्गाचे रूळ उखडण्यात आले. दहा वर्षांनी, १९६३ साली, बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. त्या यादीतील बहुतेक गावांना ना धनिक भेटला, ना रोल्ट. तालिलिनची गाडी मात्र आजही धावते, आणि तिकीट तपासणाऱ्यांपासून इंजिन चालविणाऱ्यांपर्यंत तेथे अनेकजण बिनपगारी काम करतात.