सिलिंडरचा व्हॉल्व्ह कोणी उघडला?

दिवाळीची सुट्टी लागली की यवतमाळ, पुसद, वणीकडच्या गाड्याही कोकणच्या रस्त्याला लागतात. मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा केल्याशिवाय सहल पुरी होत नाही, असे आता झाले आहे. पोहता न येणाऱ्यालाही पाण्याखाली नेतात, वर आल्यावर व्हिडिओ हातात देतात. पण अंगावरचे सगळे सामान दुसऱ्याने जोडलेले असते आणि ते तपासले कोणी, हे विचारायचा संकोच वाटतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. साधी हवाच सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. तोंडातले यंत्र ती हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून देते. १० मीटर खोलीवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे एका श्वासाला हवाही दुप्पट लागते.

घोटाळा होतो तो इथेच. सिलिंडरचा व्हॉल्व्ह डोक्यामागे असतो. ज्याच्या पाठीवर तो आहे त्याला दिसत नाही, हातही नीट पोहोचत नाही. होडीवरचा एखादा मदतनीस जाता जाता, चांगल्याच हेतूने, तो फिरवून बघतो. ‘पूर्ण उघडून थोडा मागे फिरवायचा’ ही जुनी सवय. आधीच उघडा असलेला व्हॉल्व्ह उलट दिशेने फिरवला, तर तो जवळजवळ बंद होऊन किंचितच उघडा राहतो. होडीत बसून श्वास व्यवस्थित येतो, काटाही भरलेला दिसतो. खाली गेल्यावर मात्र तेवढ्या फटीतून लागणारी हवा येत नाही आणि माणूस गुदमरतो.

यावरचा उपाय फुकट आहे. तोंडात यंत्र धरून तीन-चार मोठे श्वास घ्यायचे आणि नजर दाबाच्या काट्यावर ठेवायची. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत येत असेल, तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. प्रशिक्षित डायव्हर जोडीदाराबरोबर जॅकेट, वजनाचा पट्टा, बकल, हवा असे सगळे हात लावून तपासतात. तपासणीनंतर कोणी सामानाला हात लावला, तर ती पुन्हा पहिल्यापासून. कटकटीचे वाटते, पण योग्य आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्या पर्यटकाला हे सगळे जमणार नाही. पण ‘माझ्यासमोर एकदा काटा दाखवा’ एवढे त्याने जरूर म्हणावे. चांगल्या गाइडला त्याचा राग येत नाही.

शस्त्रक्रियागृहात याचा अनुभव आहे. रुग्ण कोण, कोणती बाजू, ऍलर्जी आहे का, हे मोठ्याने विचारण्याची जागतिक आरोग्य संघटनेची यादी आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. त्यात दिल्लीही होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. ती माणसे आधीही हुशारच होती. फरक पडला तो ‘दुसऱ्याने बघितले असेल’ हे गृहीत धरणे थांबल्यामुळे.

सामानाइतकेच शरीरही तपासायला हवे. किनाऱ्यावर एक फॉर्म देतात आणि लोक न वाचताच सही करतात. दमा, पूर्वी फुप्फुस फुटून छातीत हवा भरलेली असणे, क्षयरोगाने फुप्फुसात राहिलेले व्रण, कानाच्या पडद्याला भोक, फिट येणे, हृदयविकार यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. विदर्भात आणखी एक प्रश्न महत्त्वाचा: सिकलसेल. सिकलसेलच्या रुग्णाने स्कूबा करू नये; नुसता वाहक असलेल्यानेही सल्ला घेऊनच जावे. सर्दी असेल तर कान उघडत नाहीत, आणि दाबाचा सर्वांत मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच पडतो. त्या दिवशी किनाऱ्यावर बसून मासे खावेत.

पाण्यात श्वास कधीही रोखून धरू नये. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वास कोंडून दीड-दोन मीटर वर आले तरी फुप्फुसाला इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. कॅमेऱ्यासमोर अंगठा वर करण्याची सवयही खाली सोडावी लागते. तिथे त्याचा अर्थ ‘मस्त’ नसून ‘मला वर न्या’ असा होतो.

बाहेर आल्यावर छातीत दुखणे, धाप, आवाज बदलणे, हातापायाला मुंग्या, चक्कर किंवा बोलण्यात अडखळणे जाणवले, तर तिथेच ऑक्सिजन लावून रुग्णालय गाठावे. काही लक्षणे दुसऱ्या दिवशी, परतीच्या प्रवासातही दिसतात. तेव्हा वाटेतल्या किंवा घरी आल्यावर इथल्या डॉक्टरांना ‘काल समुद्रात खाली गेलो होतो’ हे आधी सांगावे. समुद्रापासून इतक्या दूर हा प्रश्न त्यांना आपणहून सुचेलच असे नाही.